तव्यावरचं पाणी

पोर्क चॉप हा कळवणचा पदार्थ नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गिरणा जिथे उगम पावते आणि सप्तशृंगीचा गड ज्याच्या हद्दीत येतो, त्या तालुक्यात पाहुणचार म्हणजे बोकडाचं मटण, नाहीतर गावठी कोंबडी. पश्चिमेकडच्या पाड्यांवर त्याच्या जोडीला नागलीची भाकर. डुकराच्या मांसाचे चॉप हवेच असतील तर ते बहुधा नाशिकहून, ७०-८० किलोमीटरचा प्रवास करून, गोठवलेल्या पाकिटातून यायचे. तरीही कळवणच्या स्वयंपाकघरात ते उत्तम होऊ शकतात. जाड लोखंडी तवा, डब्यातली पिठं आणि भाकरी करणाऱ्या हाताला असलेली आचेची जाण, एवढं भांडवल तिथे घरोघर आहे. उरतो तो पाण्याचा हिशोब. चॉप बिघडतो तो मसाला चुकल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा पाणी नको तिथे राहिलेलं असतं आणि हवं तिथून गेलेलं असतं.

चॉपच्या लाल मांसात वजनाच्या ७० ते ७५ टक्के पाणीच असतं. कुरकुरीत चॉप म्हणजे बाहेरच्या एक-दोन मिलिमीटरमधलं पाणी पार उडालेलं आणि आतलं जवळजवळ सगळं जागच्या जागी. या दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच तव्यावर साधायच्या असतात. पाणी उकळतं १०० अंशांना, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान त्याच्या फार वर चढत नाही. मांसाला खरपूस रंग आणि वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे, प्रथिनं आणि शर्करा एकमेकांशी भिडू लागल्यावर. लुई-कामी मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचं पहिलं वर्णन केलं, आणि १९५३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन हॉज यांनी तिच्या टप्प्यांची नीट मांडणी केली. ओला चॉप तव्यावर टाकला की पहिली तीन-चार मिनिटं सगळी उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्ची पडते. मांस राखाडी होतं, स्वतःच्याच पाण्यात उकडतं, आणि रंग यायला लागेपर्यंत आतला भाग चामट झालेला असतो. भाकरीला वरून पाण्याचा हात फिरवल्यावर ते पाणी सुकू लागेपर्यंत थांबून मगच ती उलटणाऱ्या बाईला हे नव्याने शिकवायची गरज नाही.

गोठवलेल्या मांसाची अडचण इथूनच सुरू होते. मांस गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशींची आवरणं फाडतात. घरगुती फ्रीजरमध्ये मांस सावकाश गोठतं, म्हणून स्फटिक मोठे होतात आणि नुकसानही जास्त. पाकीट उघडल्यावर तळाशी साचलेलं लालसर पाणी पाहून अनेकांना ते रक्त वाटतं. ते रक्त नव्हे. स्नायूंतलं मायोग्लोबिन मिसळलेलं पाणी आहे ते, म्हणजे चॉपच्या आत राहायला हवा होता तो रस. गेलेला परत येत नाही, पण आणखी गळू नये एवढं करता येतं. पाकीट ओट्यावर उन्हापाशी किंवा गरम पाण्यात न टाकता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात खोलगट ताटात ठेवावं आणि रात्रभर हळूहळू सुटू द्यावं. मध्येच वीज गेली आणि चार-सहा तास आलीच नाही, तर सुटलेलं कच्चं मांस पुन्हा गोठवण्याच्या फंदात पडू नये. कुरकुरीत चॉपचा बेत सोडावा आणि रस्सा करावा, पण त्याच दिवशी.

मग पुसणं. पाककृतींत हे एका शब्दात उरकलं जातं, आणि खरा फरक तर इथेच पडतो. धुतलेल्या सुती पंचाचा तुकडा चॉपवर तळव्याने दाबून धरायचा, घासायचा नाही. उचलला की त्यावर चॉपच्या आकाराचा ओला डाग दिसतो. दुसऱ्या कोरड्या भागाने पुन्हा दाबायचं, मग हाडालगतच्या खाचेत बोटाने कापड घालून तिथलं टिपायचं, कारण पाणी तिथे दडून बसतं. बोट फिरवल्यावर मांस बुळबुळीत न लागता किंचित चिकट लागलं की झालं. वेळ असेल तर असे पुसलेले चॉप जाळीवर ठेवून, न झाकता, तासभर फ्रिजमध्ये ठेवावेत. फ्रिजमधली कोरडी हवा उरलेलं काम करते.

चॉप म्हणजे पाठीच्या कण्यालगतचा, बरगडीच्या हाडासकट आडवा कापलेला तुकडा. डुकराने आयुष्यात या स्नायूला फारसं कामाला लावलेलं नसतं. म्हणून तो मऊ असतो आणि त्यात चिवट तंतूही कमी असतात. पण याच कारणाने तो जास्त शिजवला की सावरत नाही. खांद्याचं मांस दोन तास रटरटलं तर विरघळत जाऊन मऊ होतं. चॉप दहा मिनिटं जास्त राहिला की गेलाच. आपल्याकडचे बहुतेक खाटीक डुकराचं मांस कातडी, चरबी, हाड सगळ्यासकट रश्शासाठी बारीक तोडून देतात. त्यामुळे दुकानात आधीच बजावावं लागतं: बरगडीसकट, साधारण २ सेंटिमीटर जाडीचे अखंड तुकडे, कातडी काढून आणि कडेची चरबी ठेवून. त्या चरबीच्या पट्टीखाली पांढुरकी चिवट पातळ कातडी असते. तापल्यावर ती मांसाच्या आधी आकसते आणि चॉप वाटीसारखा वर उचलला जातो. मधला भाग तव्याला टेकत नाही आणि कच्चा दिसतो. कडेला दोन-तीन ठिकाणी सुरीने चीर दिली की हा त्रास संपतो.

मिठाचं काम चवीपुरतं नाही. किलोभर मांसाला साधारण १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे सपाट मीठ दोन्ही बाजूंना चोळलं की पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत चॉपला घाम फुटतो. अनेक जण याच क्षणी तो तव्यावर टाकतात, आणि नेमकी हीच वेळ सगळ्यात वाईट. थांबलं तर ते खारं पाणी परत आत मुरतं आणि काही प्रथिनांची गुंफण सैल करतं. मग तीच प्रथिनं तापल्यावर पाणी पिळून टाकण्याऐवजी धरून ठेवतात. तेव्हा मीठ एकतर तळायच्या अगदी क्षणभर आधी लावावं, नाहीतर निदान पाऊण तास आधी. रात्रभर ठेवलं तर उत्तम. मिठाच्या पाण्यात चॉप बुडवून ठेवायची पाश्चात्त्य पद्धत आतून रसाळपणा देते, पण पृष्ठभाग भिजवून ठेवते. भट्टीत भाजायच्या मोठ्या तुकड्याला ती चालेल, तव्यावरच्या चॉपला नको.

मराठी बोलणाऱ्या माणसांत डुकराचं मांस घरात, सणासुदीला आणि अभिमानाने शिजवणारा एक मोठा समाज आहे, आणि तो कळवणपासून फार दूरही नाही. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेली ती १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. या दोनशे वर्षांत वसई, साष्टी, ठाणे भागातले अनेक कोळी, शेतकरी आणि कारागीर ख्रिस्ती झाले. पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. त्यांच्या घरातली बोली मराठीचीच, आणि लग्नाच्या जेवणात सोरपोतेल, इंद्याल आणि सोबत तळलेले फुगे. गोव्यातही तेच कूळ: माडीच्या व्हिनेगरात मुरवलेलं मांस, वाळवलेली चोरिसं, विंदालू. पोर्तुगीज खलाशी दारूच्या आंबटात आणि लसणीत मांस टिकवायचे; इथे दारूची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली आणि मिरची मागून आली.

कुरकुरीत चॉपसाठी या परंपरेकडून दोन गोष्टी घ्याव्यात आणि एक सोडावी. घ्यावी ती आलं-लसूण-मिरी-व्हिनेगरची मुरवण. डुकराच्या चरबीचा जडपणा आंबटाने तुटतो हे खाणाऱ्या प्रत्येकाला पटतं. दुसरी, रव्याचा थर. गोव्यात मांसाचे पातळ काप असे मुरवून, रव्यात घोळवून तव्यावर तळतात आणि पावात घालून देतात. संध्याकाळच्या गाड्यांवरचा कटलेट-पाव तो हाच. सोडायची ती मुरवण्याची लांबलचक मुदत. विंदालूला रात्रभर व्हिनेगर चालतं, कारण पुढे ते तासभर शिजणार असतं. चॉप तेवढा वेळ आंबटात राहिला तर बाहेरचं मांस आवळून पांढरट, भुसभुशीत होतं. किलोला दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि अर्धा तास पुरे. मीठ मात्र आदल्या रात्रीच लावून ठेवावं. वाटणही घट्ट असावं, मिक्सरमध्ये पाणी न घालता वाटलेलं. साखर किंवा गूळ टाकू नये. मांस शिजायच्या आत तो करपतो.

हे सगळं पोर्तुगिजांनीच शिकवलं, असं मात्र समजायचं कारण नाही. आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणहून राज्य करणारा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ज्ञानकोश रचला. मराठीचे जुने नमुने सापडतात म्हणून अभ्यासक त्याच्याकडे वळतात. त्यातला अन्नाचा भाग तितकाच वाचनीय आहे. डुकराचे केस कसे काढावेत याच्या तिथे दोन रीती दिल्या आहेत: पांढरं कापड पसरून वरून कढत पाणी ओतणं, किंवा गवताच्या जाळावर केस जाळून टाकणं. मग ते मांस विस्तवावर भाजायचं, आणि ताडाच्या पानांसारखे पातळ काप करून मसालेदार दह्याबरोबर वाढायचं असंही सांगितलं आहे. राजाच्या ताटातलं हे अन्न पुढे दख्खनच्या मोठ्या भागात तथाकथित खालच्या जातींचं अन्न ठरलं. कैकाडी, वडार या समाजांनी डुकरं पाळली, खाल्ली, आणि त्याबद्दल गावाची हेटाळणीही सोसली. छापील मराठी पाककृतींच्या पुस्तकांत डुकराचं मांस शोधून सापडत नाही, ते रुचीपेक्षा पंगतीच्या राजकारणामुळे. मुसलमान आणि ज्यू धर्मांत ते निषिद्ध आहे, हा वेगळा मुद्दा. तिथे नियम स्पष्ट आहे. हिंदू घरांत नियम नसतो, नाक मुरडणं असतं. एकत्र कुटुंबात एखाद्याने हा बेत केलाच तर तवा, उलथणं आणि तेल वेगळं ठेवावं. वाद टाळायला एवढं पुरतं, आणि तसंही मांस तळलेलं तेल भाजीला वापरू नयेच.

आता कवच. मैदा, मग फेटलेलं अंडं, मग पावाचा चुरा, ही युरोपातली उतरंड आहे आणि तिला कारण आहे. मैदा पृष्ठभागावरचं उरलंसुरलं पाणी शोषतो, अंडं मैद्याला धरतं आणि तापल्यावर घट्ट होतं, चुरा अंड्याला चिकटतो. मधली पायरी गाळली की कवच तव्यावरच सुटून येतं. या उतरंडीचं सगळ्यात यशस्वी वंशज जपानमध्ये आहे. तिथे शतकानुशतकं चौपायांच्या मांसाचं वावडं होतं. १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने जाहीरपणे गोमांस खाल्लं आणि दार उघडलं. तोक्योच्या गिंझा भागातल्या १८९५ मध्ये सुरू झालेल्या रेन्गातेई या खानावळीने १८९९ मध्ये डुकराचा कटलेट भरपूर तेलात तळून द्यायला सुरुवात केली. त्याचंच पुढे तोन्कात्सु झालं, सोबत बारीक चिरलेला कच्चा कोबी. ज्या देशाला हे मांस परकं होतं तिथे ते दोन पिढ्यांत घरचं झालं.

कळवणच्या डब्यांत मैद्यापेक्षा चांगलं काही सापडतं. तांदळाच्या पिठात ग्लूटेन नसतं. त्याचं कवच ठिसूळ होतं आणि तळल्यावर मैद्याच्या कवचापेक्षा जास्त वेळ तसंच राहतं. नागलीचं पीठही ग्लूटेनविरहित, पण एकटं वापरलं तर थर रेवाळ होतो आणि मुळातच काळपट असल्यामुळे खरपूस कधी झालं आणि करपलं कधी हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून पहिल्या थराला तांदळाचं पीठ तीन भाग आणि नागली एक भाग, मग अंडं, मग जाड रवा. अंडं चालत नसेल तर तांदळाच्याच पिठाची दाटसर पेज. रवा दाबून लावावा आणि तळण्याआधी चॉप दहा मिनिटं तसेच ठेवावेत, म्हणजे रव्याला ओल लागून तो धरून बसतो. शिळ्या पावाचा चुरा रव्यापेक्षा हलका होतो, पण तेल जास्त पितो. रव्याचा दाणा कडक लागतो, दातांखाली वाजतो. ज्यांना बोंबील-सुरमईची सवय आहे त्यांना तोच आवडेल.

तेल शेंगदाण्याचं, रिफाइंड. २३० अंशांच्या आसपास जाईपर्यंत ते धुरावत नाही. खोली अर्धा सेंटिमीटर, म्हणजे चॉपच्या जाडीच्या पाव भाग. हवं तापमान १७० ते १८० अंश. थर्मामीटर नसेल तर रव्याची चिमूट टाकून पाहावी: तळाशी जाऊन बसली तर तेल थंड, पडताक्षणी तपकिरी झाली तर जास्त तापलं, बुडून लगेच बुडबुड्यांसह वर आली तर बरोबर. चॉप ठेवण्याआधी सांडशीने उभा धरून त्याची चरबीची कड तव्यावर मिनिट-दोन मिनिटं टेकवावी. ती पट्टी आडव्या चॉपमध्ये कधीच नीट तळली जात नाही आणि मग ताटात पांढरी, रबरी राहते. उभी धरली तर सोनेरी होते आणि तिचं तूप तेलात उतरून पुढच्या सगळ्याला चव देतं.

एका वेळी दोनच चॉप. चार टाकले की तेलाचं तापमान धाडकन उतरतं, सुटलेली वाफ कोंडते आणि रवा तेल पिऊ लागतो. चॉप ठेवताच मोठा चर्र आवाज येतो. तो तेलाचा नाही, चॉपमधून निघणाऱ्या पाण्याचा. बारीक, जलद बुडबुडे म्हणजे पाणी नीट निघतंय. हळूहळू ते विरळ आणि मोठे होतात, आवाज बसतो, तेव्हा कडेचा रवा तांबूस दिसायला लागतो. ही उलटायची वेळ, साधारण तीन-चार मिनिटांनी. त्याआधी उलथणं लावून चाळवाचाळव केली तर कवच फाटतं. आच मध्यम, आणि दुसरी बाजू पहिलीपेक्षा थोडी कमी वेळ. काढल्यावर कागदावर पसरू नये. खालची वाफ तिथेच अडकते आणि तेवढी बाजू ओलसर होते. पापड वाळवायची किंवा केक गार करायची तारेची जाळी असेल तर तीवर चार-पाच मिनिटं ठेवावेत.

आत किती शिजलं पाहिजे? अमेरिकेच्या कृषी खात्याने डुकराच्या मांसाच्या अखंड तुकड्यांसाठीचा दंडक २०११ मध्ये ७१ अंशांवरून ६३ वर आणला, काढल्यानंतर तीन मिनिटं मुरू द्यायच्या अटीवर. आधीच्या पिढ्या चॉप कडकडीत वाळवून खात होत्या, त्यामागे ट्रायकिनेला नावाच्या सूक्ष्म कृमीची भीती होती, आणि बंदिस्त पालनात ती जवळजवळ संपली. आपल्याकडे चिंता वेगळ्या कृमीची, टिनिया सोलियम या पट्टकृमीची. तिच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. अर्धकच्चं मांस खाल्ल्याने माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होतो. पण मेंदूत गाठी होऊन फिट्स येण्याचा जो गंभीर आजार आहे, तो मांसातून होत नाही. आतड्यात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात गेल्याने होतो. म्हणूनच आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माणसाच्या मेंदूतही या गाठी सापडतात. हा आजार जिथे मुरलेला आहे तिथल्या अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तो असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उघड्यावरचा संडास आणि मोकाट डुक्कर, हे त्याचं चक्र.

तेव्हा घरी थर्मामीटर असेल आणि मांस बंदिस्त पालनातलं असेल तर ६३ अंश आणि विश्रांती. नसेल तर हाडाजवळ सुरीचं टोक खुपसून पाहावं: येणारा रस गुलाबी असेल तर आणखी मिनिटभर, स्वच्छ असेल तर उतरवावं. रस थोडा कमी राहिला तरी चालेल. गावात मोकाट फिरणाऱ्या डुकराचं मांस मात्र चॉपसाठी घेऊच नये. रानडुकराचा तर विषयच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे, आणि पिकाची नासधूस झाली म्हणून मारायची परवानगी मिळाली तरी ती रस्सा रांधायची परवानगी नव्हे.

बाजारातलं बरंचसं बंदिस्त मांस लार्ज व्हाइट यॉर्कशायर या पांढऱ्या विलायती जातीचं किंवा तिच्या संकराचं असतं. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख ६० हजार डुकरं मोजली गेली, २०१२ पेक्षा १२ टक्क्यांनी कमी. सगळ्यात जास्त, २१ लाख, एकट्या आसामात. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर ईशान्येत शिरला आणि तिथल्या पालकांचं कंबरडं मोडलं. माणसाला त्याची लागण होत नाही.

वाढताना सोबत नागलीची किंवा बाजरीची भाकर, लिंबू आणि उन्हाळ कांद्याचे जाड काप. कळवणच्या परिसरात या कांद्याची कमतरता नाही. रस्सा चॉपवर ओतू नये, बाजूच्या वाटीत द्यावा. उरलेले चॉप दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घातले तर आतलं पाणी बाहेर सरकून रव्यात शिरतं आणि थर चामट होतो. कोरड्या तव्यावर, मंद आचेवर, न झाकता दोन्ही बाजू चार-चार मिनिटं.